जानेवारीपर्यंतचा आमदार

माझा भाऊ रॉइस व्होल्मर सोळा वर्षं आमच्या भागाचा आमदार होता आणि त्या नोव्हेंबरात तो पडला. मी त्याला मत दिलं नव्हतं. ते मी लपवलंही नव्हतं. उन्हाळ्यात तो माझ्या अंगणातली वादळानं मोडलेली फांदी कापायला आला होता, तेव्हाच मी त्याला सांगून टाकलं की या खेपेला माझं मत टेस ओकरलुंडला. त्यानं करवत बंद केली, "बरं" म्हणाला, आणि पुन्हा सुरू केली. आमच्या घरात भांडणं अशीच होतात.

भांडण डुकरांवरून होतं. आमची हेझल क्रीक टाउनशिप, काउंटीतला गावाएवढा एक तुकडा, म्हणजे मक्याची शेतं, दोन तळी, एक ल्यूथरन चर्च आणि धान्याचं एक उंच कोठार. बाहेरच्या एका कंपनीनं इथे डुकरांच्या मोठाल्या शेडी टाकायचं ठरवलं. डुकरांची आम्हाला शिसारी नाही, आमचे वडील डुकरंच पाळायचे. पण वडिलांची चाळीस डुकरं वेगळी आणि एकेका छपराखाली पाच-पाच हजार वेगळी. एवढ्या जनावरांचा मैला तळ्याएवढ्या खड्ड्यात साठवतात, आणि आमच्याकडे तर सगळ्यांचं पाणी बोअरचं. शेजारच्या काउंटीत लोक पिण्यासाठी बाटल्या विकत आणू लागले होते. म्हणून आमच्या टाउनशिपच्या मंडळानं नियम केला, की कुणाच्याही बोअरपासून मैलभर अंतरात असली शेड नको. शेड येणार होती ती हार्लन ट्वेट यांच्या कुंपणाला लागून. हार्लन ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर दुधाचा धंदा केलेले, चर्चमध्ये माझ्या ऑर्गनच्या अगदी मागच्या बाकावर बसून बेसूर गाणारे.

वसंतात राजधानीत रॉइसच्या पक्षानं एक विधेयक आणलं: शेतीच्या बाबतीत टाउनशिपनं नियम करायचेच नाहीत, सगळं राज्य सरकार ठरवील. पण निवडणूक तोंडावर होती. त्यावर मत द्यायची कुणाची छाती झाली नाही आणि ते बासनात गेलं. ऑगस्टमध्ये काउंटीच्या जत्रेत दोन्ही उमेदवार एका मंडपात समोरासमोर बसले होते. हार्लननी उठून रॉइसला सरळ विचारलं, की तू त्या विधेयकाच्या बाजूनं आहेस की विरुद्ध. रॉइस हसून म्हणाला, "हार्लन, याचा निकाल नोव्हेंबरात लोकच लावतील." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण उत्तर मला प्रामाणिक वाटलं.

लोकांनी निकाल लावला. टेस ओकरलुंड म्हणजे आमच्याकडची गुरांची डॉक्टर. राजकारणात ती नवखी होती, पण तिनं प्रत्येक गोठ्यात जाऊन एकच गोष्ट सांगितली होती, की तुमच्या पाण्याचं तुम्ही ठरवा. ती सहा-सातशे मतांनी निवडून आली. गव्हर्नर रॉइसच्याच पक्षाचा, तोही पडला. खालच्या सभागृहातलं त्यांचं बहुमत गेलं. वरचं सभागृह तेवढं त्यांच्या हातात राहिलं, कारण तिथल्या बऱ्याच जागांची निवडणूक त्या वर्षी नव्हतीच. निकालाच्या रात्री माजी सैनिकांच्या हॉलमध्ये रॉइसनं उभं राहून सगळ्यांचे आभार मानले, टेसला फोन केल्याचं सांगितलं. त्याची बायको लॉरेटा रडली. मला वाईटही वाटलं आणि त्याचा अभिमानही वाटला. हरावं तर असं, असं मी घरी परतताना मनाशी म्हटलं.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ती दोघं माझ्याकडेच आली. नवरा गेल्यापासून मी एकटी, मुलगी लांब डेन्व्हरला. टर्की भाजली होती, बटाटे होते, आईच्या पद्धतीच्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या होत्या. जेवायला बसतोय तोच हार्लनचा फोन आला. त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं, की नवे लोक जानेवारीत शपथ घेतील, त्याआधी जुन्या सभागृहाची बैठक डिसेंबरात बोलावली आहे, आणि वसंतातलं विधेयक तिथे येणार आहे. हार्लनना ते खरं वाटत नव्हतं. तुझ्या भावाला विचारून सांग, म्हणाले.

मी परत येऊन बसले आणि विचारलं.

रॉइसनं काट्यानं बटाटे बाजूला सारले. मग म्हणाला, "येतंय."

"आणि तू?"

"आर्डी, मला दोन वर्षांसाठी निवडून दिलंय. बावीस महिन्यांसाठी नाही. शेवटचे दोन महिने काय खुर्ची गरम करत बसू?"

मी म्हटलं, बसू नकोस. रस्त्यांचं काम अडलंय ते कर, शाळांचे पैसे अडलेत ते सोडव. मी स्कूलबस चालवते, पुलावरचे खड्डे मला विचार. पण ज्या एका गोष्टीपायी लोकांनी तुला घरी बसवलं, तीच जाता जाता उरकून जायची, हे कुठलं शहाणपण? तो म्हणाला, की लोकांनी कशापायी घरी बसवलं ते मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. कुणी गव्हर्नरवर चिडलेलं असतं, कुणाला माझा चेहराच नको झालेला असतो. "डुकरांमुळे पडलो हे तू ठरवलंस," तो म्हणाला.

लॉरेटानं जेवणानंतरचा गोड पम्पकिन पाय कुणाला वाढू म्हणून विचारलं. कुणालाच नको होता. तिनं तरी तिघांना वाढला आणि तिघांनी खाल्ला.

डिसेंबरात रॉइसच्या पक्षानं काय केलं, तर बोटींच्या ट्रेलरच्या नोंदणीचं एक जुनं विधेयक शोधलं. त्यातला मजकूर सगळा काढून टाकला आणि आत वसंतातला भरला. नाव ट्रेलरचंच राहिलं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. सुनावणीची सूचना आदल्या संध्याकाळी निघाली. टेसनंच ती पाहिली आणि सगळ्यांना फोन केले. ती स्वतः काही करू शकत नव्हती. निवडून आली होती, पण आमदार नव्हती. आमदार जो होता तो निवडून आला नव्हता.

मी बससाठी बदली ड्रायव्हर मिळवला. चर्चच्या व्हॅनमध्ये मावतील तेवढे आम्ही भल्या सकाळी निघालो. बर्फ पडत होतं. हार्लननी लग्नाकार्यातला कोट घातला होता आणि वाटेत ते काय बोलायचं ते पुटपुटत होते. राजधानीत खोलीबाहेर रांग, मग आत रांग, मग बाकांवर बसून राहणं. आधी कंपनीची माणसं बोलली, मग वराहपालकांच्या संघटनेची, मग कुठल्याशा विद्यापीठातला एक गृहस्थ. त्यांना कुणी घड्याळ दाखवलं नाही. आमची पाळी जवळ आली तेव्हा दुपार झाली होती. समितीचे अध्यक्ष, तेही नोव्हेंबरात पडलेले, म्हणाले की वेळ कमी उरलाय, आता प्रत्येकाला एक मिनिट.

हार्लननी सकाळपासून दाबून धरली होती. शेवटी ते उठून बाथरूमला गेले, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं नाव पुकारलं. मी उभी राहून सांगितलं, की ते इथेच आहेत, येतायत, त्यांच्याच कुंपणाला लागून शेड येणार आहे. अध्यक्ष अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाई, मी पुढचं नाव घेतलंय." हार्लन परत आले ते हात कोटाला पुसत. माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "माझा नंबर आला का?" मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं अजून यायचाय, म्हणून ते खाली बसून पुन्हा पुटपुटायला लागले.

माझं नाव आलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, की आर्डिस नायगार्ड म्हणजे आमच्या व्होल्मरसाहेबांच्या भगिनी ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, फार चांगला माणूस, आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल. बाकीचे हसले. हे सगळं माझ्या मिनिटातच झालं. मी बोअरचं सांगितलं, शेजारच्या काउंटीतल्या बाटल्यांचं सांगितलं, "तुम्ही आम्हाला विचारलंत आणि आम्ही उत्तर दिलं" इथपर्यंत आले आणि घंटी वाजली. त्यानंतर समितीचं मतदान झालं. मला बोलायला मिळाला होता त्याहूनही कमी वेळ लागला त्याला.

सभागृहाची बैठक त्याच दुपारी होती. मधल्या वेळात मी रॉइसच्या ऑफिसात गेले. दारावरची पाटी काढली होती, स्क्रूची भोकं दिसत होती. आत खोकी भरलेली. तो टेबलाच्या कडेला बसून सँडविच खात होता. अर्धं त्यानं मला दिलं. मला भूक लागली होती, मी घेतलं.

मी म्हटलं, "हार्लनना बोलू दिलं नाही."

"कळलं मला. वाईट झालं."

"तू जत्रेत काय म्हणाला होतास?"

"आठवतंय मला."

"मग?"

त्यानं सँडविच खाली ठेवलं. मला वाटलं होतं तो चिडेल, पण तो थकलेला दिसला. म्हणाला, की सोळा वर्षं मी एकाच गोष्टीसाठी इथे येतोय. शेतकऱ्यानं काय पाळायचं, कुठे पाळायचं, हे तळ्याकाठी बंगले बांधून राहणाऱ्या शहरी लोकांनी ठरवू नये. आज एका टाउनशिपला डुकरं नको, उद्या दुसरीला गायी नको. कंपनीनं मला एक पैसा दिलेला नाही, पाहिजे तर खोकी उघडून बघ. हे मला पटतं म्हणून मी करतोय, आणि करायला मला पुन्हा संधी नाही.

त्यानं पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं. पैसे खाल्लेल्या भावावर तोंड भरून चिडता येतं. हा खरंच बोलत होता.

"तुला पटतं ते ठीक," मी म्हटलं. "कायद्यानं तू आमदार आहेस, तेही ठीक. पण कुणाचा?"

"मला एकोणीस हजार मतं पडलीत, आर्डी. त्यांचा. ती माणसं काय माणसं नाहीत?"

"आहेत. पण टेसला पडली ती जास्त आहेत."

"तिनं जानेवारीत यावं आणि कायदा बदलावा. कोण अडवतंय?"

"वरचं सभागृह अडवतंय. तुला ते माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तर घाई चाललीय."

त्यानं सँडविचचा कागद चुरगळला. मग म्हणाला, की मी एकट्यानं विरुद्ध मत दिलं तरी काही फरक पडणार नाही, पक्षाकडे पुरेशी मतं आहेत. मी म्हटलं, मग दे की. त्यानं उठून खोक्यावर चिकटपट्टी लावायला घेतली.

वरच्या गॅलरीत आम्ही हार्लनना मधे बसवलं. खाली बाकांवर छापखान्यातून आलेले जाडजूड गठ्ठे वाटत होते. विरोधी बाजूच्या एका बाईंनी विनंती केली, की हे वाचायला निदान उद्यापर्यंत वेळ द्या. विनंती फेटाळली. कुणी म्हणालं, की वसंतात सगळ्यांनी वाचलेलंच आहे. मग फळ्यावर नावांपुढे दिवे लागायला लागले, हिरवे आणि लाल. रॉइसच्या नावापुढे बराच वेळ काहीच नव्हतं. मी ल्यूथरन आहे, देवाकडे मागणं मागायला मला लाज वाटते, पण तेव्हा मी मागितलं. मग हिरवा लागला.

लागत होती तेवढीच मतं पडली. एक कमी पडतं तर विधेयक पडलं असतं.

रॉइसनं वर पाहिलं नाही. आम्ही व्हॅननं परत निघालो. आमच्याकडे अशा पडलेल्या आमदारांना लंगडी बदकं म्हणतात. निम्म्या वाटेवर हार्लन म्हणाले, "लंगडं असलं तरी चावतं झकास." हसलं कुणीच नाही. थोड्या वेळानं त्यांनी मला हळूच सांगितलं, की त्यांचं भाषण तसं फार मोठं नव्हतंच, मिनिटात बसलं असतं.

वरच्या सभागृहानंही ते मंजूर केलं आणि पडलेल्या गव्हर्नरनं नाताळाच्या आधी सही केली. जानेवारीत टेसनं शपथ घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कायदा रद्द करायचं विधेयक मांडलं. खालच्या सभागृहात ते सहज पास झालं. वरच्या सभागृहात एका समितीकडे गेलं आणि तिथे त्याचं भिजत घोंगडं पडलं. आम्ही काही टाउनशिपनी मिळून कोर्टात दावा लावला. न्यायाधीशबाईंनी आमचं ऐकून तरी घेतलं. त्यांनी निकालात लिहिलं, की त्या दुपारी ते लोक कायद्यानं सभासद होते की नाही, एवढंच कोर्ट बघू शकतं, आणि ते होते. त्यांनी ते करायला हवं होतं का, हा प्रश्न कोर्टाचा नाही. मग तो कुणाचा, ते मात्र त्यांनी लिहिलं नाही.

बर्फ वितळल्यावर हार्लनच्या कुंपणापलीकडे शेडी उभ्या राहिल्या.

रॉइसशी मी बोलत नव्हते. लॉरेटा चर्चमध्ये भेटायची, आम्ही हवापाण्याचं बोलायचो. मार्चमध्ये टाउनशिपच्या मंडळाची एक जागा रिकामी झाली. कुणी उभं राहीना, कारण मंडळाच्या हातात उरलं होतं काय? मी उभी राहिले. रागानं उभी राहिले म्हटलं तरी चालेल. बिनविरोध आले.

जुलैतल्या बैठकीला हॉल भरला. वास आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या, आत सगळे घामानं निथळत होते. एकेक जण उठून सांगत होता. कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत. नातीला दमा आहे. बोअरचं पाणी तपासायला पाठवलंय. आणि मी प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होते, की हे मंडळाच्या अधिकारात राहिलेलं नाही. मला स्वतःच्या आवाजाचा कंटाळा आला होता. कुणी मला थोबाडीत मारली असती तरी मी समजून घेतलं असतं.

मग मागून रॉइस उठला. तो आलाय हेच मला माहीत नव्हतं. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यानं टोपी हातात घेतली आणि तक्रार सांगितली. शेडींकडे जाणारे खाद्याचे ट्रक आणि मैल्याचे टँकर त्याच्या घरासमोरून जातात. खडीचा रस्ता पार खचलाय, लॉरेटाची गाडी दोनदा रुतली. मंडळानं तिथे वजनाची मर्यादा घालून पाटी लावावी.

मी म्हटलं, "ते आमच्या अधिकारात नाही."

"वजनाची मर्यादा टाउनशिपच घालते. बाबा मंडळावर होते तेव्हापासून घालतेय."

"घालत होती. आता शेतीच्या गाड्यांना मर्यादा घालता येत नाही. डिसेंबरच्या कायद्यात आहे."

"ते त्यात नाही, आर्डी."

"आहे. वसंतातल्यात नव्हतं. डिसेंबरच्या गठ्ठ्यात घातलं."

रॉइस तसाच उभा होता. मी डिसेंबरपासून वाट पाहत होते, की एक दिवस याला सगळ्यांसमोर असं काहीतरी ऐकवीन. ऐकवलं, आणि गोड वाटलं नाही. उलट डोकं आणखी तापलं. त्याला पटतं म्हणून त्यानं केलं, एवढं तरी मी मनात मान्य केलं होतं. आता कळलं, की नेमकं कशाला हिरवा दिवा लावला तेही त्यानं पाहिलं नव्हतं.

बैठक संपल्यावर लोक गेले. तो थांबला आणि न सांगता खुर्च्या रचायला लागला. मीही रचायला लागले.

"कागद दुपारीच हातात पडले," तो म्हणाला. "पक्षाचे लोक म्हणाले वसंतातलंच आहे."

"आणि तू विचारलं नाहीस."

"नाही." त्यानं आणखी दोन खुर्च्या ठेवल्या. "आता काय करायचं?"

"टेसला भेट. शनिवारी ती ग्रंथालयात बसते, कुणालाही भेटते."

"तिच्या हातात आहे?"

"नाही. तिचं विधेयक वर अडकलंय."

"मग भेटून काय उपयोग?"

"मला माहीत नाही, रॉइस. आम्ही तर दर शनिवारी जातो."

तो गेला ग्रंथालयात. हार्लननी मला सांगितलं, कारण रांगेत तो त्यांच्या मागेच उभा होता. दोघं काय बोलले ते हार्लननी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टेसनं रॉइसचं सगळं ऐकून घेतलं, सगळं लिहून घेतलं, आणि प्रयत्न करते म्हणाली. ती खरंच करते प्रयत्न. तिचं विधेयक अजून त्या समितीत आहे.

शरदातल्या पावसात रॉइसच्या घरासमोरचा रस्ता वाहून गेला. मी मंडळात ठराव मांडला, की टाउनशिपच्या करातून तिथे नवी खडी टाकावी. ट्रक कंपनीचे, खडी आमची. चर्चा झालीच नाही, एकमतानं पास झाला. खडी टाकायचा अधिकार अजून आमच्याकडे आहे.